निर्माल्याचं खत

मधुसूदनरावांची केमो संपली, त्या दिवसापासून यमुताईंनी फवारलेली विकतची भाजी घरात येऊ दिली नाही. महाल भागातल्या आपल्या घराच्या गच्चीवर त्यांनी पालक लावला. कीर्तनाची आरती झाली, की देवाच्या अन् बुवांच्या गळ्यातले झेंडूचे हार त्या पिशवीत भरून आणत आणि त्यांचंच खत करत. "देवाच्या अंगावरून आलेलं आहे, याहून शुद्ध काय असणार?" असं म्हणत त्या नवऱ्याला रोज हाताने ती भाजी वाढत.

खतात सोडलेली गांडुळं मात्र तिसऱ्यांदा मेली. आज देवळाच्या दारात हार घेता घेता त्यांनी फुलवालीला सहजच विचारलं, "बायजाबाई, माझ्या खतात गांडुळं काहून टिकत नाहीत वं?"

"झेंडूच्या खतात कशे टिकतीन ताई? तोडाच्या दिवसापर्यंत दवाई मारून राहतो आम्ही. भाजीले मारत नाही इतकी मारा लागते."

यमुताईंच्या हातातला हार तसाच राहिला. बायजाबाई सुई ओवत म्हणाली,

"फुलं काय कोणी खाते? देवालेच तर वाहाची असतात, त्याले काय होते?"