बुडणाऱ्याचं काम

ग्यानोबा पाण्यात उतरला तेव्हा मांडवात तिसरा सत्कार चालला होता.

मन्याड नदीच्या काठावर पुराची तालीम होती. जिल्ह्याहून नवीकोरी रबरी बोट आली होती, केशरी रंगाची, पंपानं फुगवून टम्म केलेली. साहेब हिरवं निशाण दाखवणार, बोट सुटणार, डोहात बुडणाऱ्या माणसाला काढून आणणार, असा कार्यक्रम. बुडणाऱ्याचं काम ग्यानोबाकडं.

काठाला बांधलेल्या दोरीपाशी त्याची सून धम्मप्रिया दहा महिन्यांची पोर कडेवर घेऊन उभी होती. सासऱ्याच्या अंगात कणकण होती. जाऊ नका म्हणून तिनं सकाळी चहा देतानाच सांगून पाहिलं. पण तो कुठला ऐकतोय. पूल व्हायच्या आधी तीस वर्षं ट्रकच्या दोन ट्यूबांवर बाज बांधून त्यानंच गाव ह्या काठाचं त्या काठाला नेलं होतं. वर बसलेल्यांची पायताणंसुद्धा भिजायची नाहीत आणि हा मागून ढकलत गळ्याइतक्या पाण्यात. त्याच्या आज्याकडं तर वाळल्या भोपळ्यांची सांगड होती. नव्या बोटीवर थाप मारून तो म्हणाला होता, "हवा तीच हाय. फुगा तेवढा नवा."

त्याला खरं तर बोटीत बसायचं होतं. पण बोटीवर चाळिशीच्या आतलीच पोरं घ्यायची होती. गावात कुठलाही कार्यक्रम असो, माईक दयानंद गुरुजींच्या हातात. त्यांनीच त्याची समजूत काढली. बोट काय कुणीबी हाणील बाबा, बुडणारा नसला तर ती काढणार कुणाला? खरं वाटावं म्हणून धोतर-सदऱ्यासकट उतरायचं ठरलं. त्यानं तरंगायचं एक जाकीट मागितलं तर सगळे हसले. जाकीट घालून माणूस बुडतो कसा?

चौथा सत्कार झाला, पाचवा झाला. शाल, नारळ, फोटो. सत्कार झाल्याशिवाय आपल्याकडं पूरसुद्धा सुरू होत नाही. डोहात ग्यानोबा हातपाय मारत तरंगत होता. मधूनच हात वर करून झकास ओरडायचा, "वाचवा ओ, वाचवा," आणि स्वतःच हसायचा. काठावरची पोरं शिट्ट्या मारायची.

दहाव्या सत्कारानंतर साहेबांनी निशाण उचललं. बोटीवरच्या प्रीतमनं दोरी ओढून इंजिन चालू केलं. तेवढ्यात कुणीतरी गुरुजींच्या कानाला लागलं की महादेवप्पा अण्णा राहिले. निशाण खाली आलं. अण्णांना शाल घातली. शाल घातली म्हणजे दोन शब्द आलेच, आणि अण्णांचे दोन शब्द सगळ्या तालुक्याला ठाऊक आहेत.

धम्मप्रियाचं लक्ष डोहाकडं होतं. सासरा आता ओरडत नव्हता. डोकं मागं कललं होतं, तोंड वर, केस डोळ्यांवर आलेले. ते बाजूला सारायलाही हात येत नव्हता. दोन्ही हात पसरून तो नुसतं पाणी खाली दाबत होता, जसं काही एखादी शिडी चढायलाय.

"बाबा, आवाज," गुरुजी माईकवरून म्हणाले. "मागच्यांना ऐकू येईना."

"म्हातारं डायलॉग विसरलं," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

तिला मात्र त्यानंच एकदा सांगितलं होतं, बुडणारं माणूस हाका मारत न्हाई माय, त्याचं तोंड रिकामं नसतंय.

"मामा बुडायलेत," ती ओरडली. "खरंच बुडायलेत ओ, काढा त्यांना."

गुरुजींचा चेहरा खुलला. "पाहा मंडळी, नातेवाईकांचा आक्रोश. प्रत्यक्ष पुरात हे असंच असतं." टाळ्या पडल्या. साहेबांनी शेजारच्याला विचारलं, हे पण बसवलंय का? छान बसवलंय, म्हणाले.

ती दोरीखालून आत घुसली. बंदोबस्ताला असलेल्या उज्वलानं तिचा दंड धरला, वाईट वाटू न देता, पोरीला सांभाळून. "दोरीच्या आत नको बाई. व्हिडिओ चालू हाय."

मग तिनं प्रीतमला नावानं हाक मारली. तो तिच्याच गल्लीतला, ग्यानोबाच्याच ट्यूबला धरून पोहायला शिकलेला. त्यानं डोहाकडं पाहिलं. इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवला. मग मांडवाकडं पाहिलं. निशाण साहेबांच्या हातात होतं आणि साहेबांचे हात अण्णांपुढं जोडलेले होते. प्रीतमनं दांड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

अण्णा बसले. निशाण वर गेलं. बोट अशी सुटली की पुढचं नाक हवेत. गुरुजी माईकवर सेकंद मोजू लागले. डोहावर आता कुणी दिसत नव्हतं. प्रीतमनं खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, चाचपला, पुन्हा घातला आणि सदऱ्याची मान हाताला लागली. तिघांनी मिळून ग्यानोबाला फुगीर कडेवरून आत ओढलं. तो आला तसा ओल्या गोधडीसारखा आला.

"चाळीस सेकंद," गुरुजी म्हणाले. "आणि बाबांनी काय हुबेहूब केलंय."

सगळा मांडव उभा राहिला. प्रीतमनं वाकून म्हाताऱ्याच्या छातीला कान लावला. मान वर करून काठाकडं पाहिलं तर समोर नुसते मोबाइलच मोबाइल. टाळ्या थांबेनात.

उज्वलाच्या हातातला तिचा दंड सुटला तरी धम्मप्रिया जागची हलली नाही. कडेवरच्या पोरीनं सगळ्यांकडं पाहिलं, आईचा पदर सोडला आणि दोन्ही तळवे एकमेकांवर आपटले. एकदा चुकलं. मग टाळी नीट वाजली. गेला महिनाभर आजा तिला रोज शिकवायचा, जमत नव्हती. आज पहिल्यांदा जमली.