धुळाप्पाची बैठक

“बस बघू,” यज्ञेश्वरपंत वकील म्हणाले, आणि त्यांचा ड्रायव्हर धुळाप्पा मोटारीत शिरला. शिरला म्हणजे आधी एक पाय, मग पाठ, मग तांबडा पटका आणि सगळ्यात शेवटी उरलेला पाय, असा टप्प्याटप्प्यानं आत गेला. मोटार दोन माणसांची, बुटकी, शर्यतीच्या घाटाची. धुळाप्पा सांगोल्याकडचा, सहा फूट दोन इंच. दोघांचं जमावं म्हणून सात रस्त्यावरच्या विरुपाक्ष खोगीरवाल्यानं मूळची बैठक काढून नवी शिवून बसवली होती. म्हाताऱ्यानं जन्मभर घोड्यांची खोगिरं शिवली. मोटारीची बैठक ही पहिलीच, आणि तिचीच तक्रार घेऊन मोटार आज त्याच्या दारात उभी होती.

वकिलांनी वाकून पाहिलं. पटका आणि कापडी टप यांच्यात चांगली दोन बोटं जागा होती.

“कुठं लागतंय डोकं?”

“आत्ता न्हाय लागत, सायब.”

“मग कधी लागतं?”

“तुमी कोर्टात गेल्यावर.”

आपलाच साक्षीदार फुटावा तसा वकिलांचा चेहरा झाला. “हे बघ धुळाप्पा, जुन्या बैठकीत गुडघे अडकत होते, ते मी मानलं. आता गुडघे सुटले तर डोकं! आज हे मिटलं नाही, तर सोमवारपासून वैरागचा तो ड्रायव्हर येईल. बुटका आहे, कुठंही मावतो.”

ते रागानं बोलले नाहीत, म्हणूनच धुळाप्पा धास्तावला. साहेब मनानं चांगले होते. चांगला माणूस वैतागला म्हणजे मग कुणाकडं जाऊन सांगायचं? बसऱ्याच्या लढाईत लष्कराची लॉरी हाकून आलेल्या माणसानं आता पुन्हा मेंढरांमागं जायचं, ही कल्पनाच त्याला सोसवेना.

विरुपाक्षानं मात्र मोटारीत डोकं घातलं होतं. टपाच्या आतल्या पांढऱ्या कापडावर, नेमका बैठकीच्या वर, तळहाताएवढा तांबडा डाग पडला होता.

“ह्यो रंग पटक्याचा हाय, वकीलसायब. डोकं लागतंय, खोटं न्हाय.”

“अहो, पण तुमच्यादेखत बसलाय की तो!”

म्हाताऱ्यानं धुळाप्पाला खाली उतरवलं, पाटावर बसवलं आणि गाठी मारलेली सुतळी कंबरेपासून माथ्यापर्यंत धरली. माप मागच्या खेपेइतकंच भरलं. गाठीला गाठ.

“ताठ बस की.”

“ताठच बसलोय.”

विरुपाक्षानं एकदा त्याच्या झुकलेल्या मानेकडं पाहिलं, एकदा समोर उभ्या असलेल्या वकिलांकडं.

“सायब, कोपऱ्यावर चहा बरा मिळतो.”

“मला नको चहा.”

“घ्या की. मला येळ लागंल.”

वकील कुरकुरत निघाले. ते दिसेनासे झाले मात्र, धुळाप्पाची पाठ आपोआप उलगडली. सुतळीच्या शेवटच्या गाठीच्या वर त्याचा माथा चार बोटं निघाला.

“हौदप्पा! खरंच की!” विरुपाक्ष हसत सुटला. “मी वाकल्याल्या माणसाचं माप घेतलं की! सायब हुबे हुते, तवा तू असा बसलास. एकटा गाडी चालवतोस, तवा असा. सांगायचं न्हाईस व्हय?”

“मला तरी कुटं ठावं?” धुळाप्पा खरोखरच चकित झाला होता. मग तो हळूच म्हणाला, “पर अण्णा, सायब शेजारी असताना त्यांच्या टोपीच्या वर माजा पटका? बरं दिसतं का ते?”

विरुपाक्ष कामाला लागला. त्यानं बैठक उसवली, निम्मा काथ्या उपसला, कातडं ताणून पुन्हा टाके घातले आणि बैठक चार बोटं खाली नेली. चहाचं दुकान बंद होतं म्हणून वकील मघाशीच परतले होते, आणि दारात टांगलेल्या खोगिरांआड उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. चार वर्षं नोकरीत असलेला हा माणूस ताठ कसा दिसतो, ते त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. त्यांना लाज वाटली. कशाची, ते त्यांना धड सांगता आलं नसतं.

काम झाल्यावर ते पुढं आले. धुळाप्पा आत बसला, शेजारी वकील बसले, आणि लगेच धुळाप्पाची मान खाली गेली. आता तर पंचाईतच झाली. खाली गेलेल्या बैठकीवर वाकून बसल्यावर रस्ता दिसेना, नुसतं इंजिनाचं झाकण दिसू लागलं.

‘ताठ बस’ असं सांगावं, हे वकिलांच्या ओठांवर आलं होतं. पण हुकूम सोडला तर हा आणखीच वाकेल, हेही त्यांना कळलं. त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. घरच्या मयताखेरीज ती त्यांनी रस्त्यावर कधी काढली नव्हती.

“टोपी इथं आहे, धुळाप्पा. आता तू वाकलास तरी तिच्या वर, आणि ताठ बसलास तरी तिच्या वरच. मग वाकतोस कशाला?”

धुळाप्पा गोंधळला. युक्तिवादात खोट काढणं हे त्याचं काम नव्हतं. बसल्या जागी तो थोडा थोडा ताठ होत गेला, आणि बराच वेळ कातडं करकरत राहिलं.

मोटार सात रस्त्याच्या चौकात आली. भर दुपारी बोडक्या डोक्याचे वकील पाहून कोर्टातला हरिबा कारकून सायकलवरून घाईघाईनं उतरला. त्यानं आपलीही टोपी काढली आणि गाडीजवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, “वकीलसाहेब, कोण गेलं?”

“गेलं नाही हो कुणी,” वकील म्हणाले. “आमचा धुळाप्पा नीट बसलाय, एवढंच.”