एक वाचक

"हे सगळं तुमीच लिहिलंय हरिबा, उगं नाटक करू नका," माणिकराव म्हणाले आणि अभिप्रायांची वही त्यांनी टेबलावर आपटली.

ग्रंथपाल हरिबा खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याची बायको सुभद्राबाई मागं कपाटं पुसत होती. ती रोज दुपारी त्याचा डबा घेऊन यायची आणि दिवस मावळेपर्यंत कपाटंच पुसत बसायची.

दिंद्रुडच्या अलीकडं साखर कारखाना होता, त्याच्या कामगारांचं हे ग्रंथालय. दुष्काळाचं दुसरं वर्ष, शिवारात ऊस औषधाला उरला नव्हता आणि यंदा बॉयलर पेटलाच नव्हता. संचालकांनी ठरवलं, ग्रंथालयाला वाचक असतील तर चालू ठेवा, नसतील तर कुलूप लावा आणि ग्रंथपालाला घरी पाठवा. बघून या म्हणून त्यांनी ऑफिसातल्या माणिकरावांना धाडलं. टँकरचं कामही त्यांच्याकडंच होतं. माणूस मुलखाचा संशयी. चहा गोड लागला तरी साखर कुणी टाकली, विचारणारा.

इथं तर संशयाला जागाच जागा होती. देवघेवीच्या रजिस्टरात सहा महिने एक नोंद नाही. पेपर चाळायला येणारे म्हातारे जनावरं घेऊन छावणीत गेलेले. आणि अभिप्रायाच्या वहीत मात्र दोनशेच्या वर शेरे, सगळे एका अक्षरात, प्रत्येकाखाली 'एक वाचक' अशी सही. नोकरी वाचवायला हरिबानंच हा वाचक जन्माला घातला, हे शेंबडं पोरही सांगेल.

खरं सांगायचं तर माणिकरावांना राग दुसऱ्याच गोष्टीचा आला होता. आठवडाभर ती वही घरी नेऊन त्यांनी वाचली होती, आणि तिच्यात त्यांच्या लाडक्या ऐतिहासिक कादंबरीचं पार भरीत केलं होतं.

"चारशे पानं मी दोनदा वाचलीत," ते म्हणाले. "आन् तुमी लिहिता, 'लढाया सत्तावीस, पण घोड्यांना कुणी एकदाही पाणी पाजलं नाही.' आसं कावून लिहिलं?"

"खरंच हाय की सायब," हरिबा बोलून गेला. "पान्याबिगर घोडं पळंल का?"

"म्हंजे तुमीच."

हरिबानं जीभ चावली. माणिकरावांनी पान उलटलं.

"ही दुष्काळावरची, बक्षीस मिळालेली. हिच्यावर काय, तर 'लेखकाने दुष्काळ गाडीच्या काचेतून पाहिला आहे. यातल्या बाया कोरड्या विहिरीवर बसून रडतात. रडत बसलं तर नंबर जातो.' बक्षीस देणारे येडे हायेत का?"

"येडे कशानं? त्यांच्या घरी नळ आसंल."

कपाटापाशी कुणीतरी खुदकन हसलं. माणिकरावांनी वळून बघितलं तर सुभद्राबाई खोकत होती.

"धूळ लई हाय," हरिबा म्हणाला.

"ती कादंबरी काढा बरं."

"आगं, ती दुष्काळाची दे. हिरवी."

सुभद्राबाईनं बघता बघता पुस्तक काढून आणून दिलं. पगार घ्यायचा ह्यानं आणि राबायचं बायकोनं, ही माणिकरावांनी मनात आणखी एक नोंद केली. पुस्तक त्यांनी उघडलंच नाही.

"मंग तुमाला आवडतंय तरी काय?"

हरिबानं जरा विचार केला. "ज्याच्यात मानूस काम करताना दिसतो, ते."

माणिकरावांना ते पटलं. पटलं म्हणून ते आणखीच चिडले. बारा एकरांपैकी दोन एकर कारखान्यात गेली म्हणून शिपाई झालेला माणूस, जुने ग्रंथपाल रिटायर झाल्यावर खुर्ची रिकामी दिसली म्हणून तिथं बसवलेला, आणि आता आपल्याला वाचायला शिकवतो. त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढं सरकवलं.

"एक ओळ लिहून दाखवा. कोनतीबी. अक्षर जुळलं न्हाई तर तुमी सुटलात."

हरिबानं पेन उचललं. कागदाकडं बघत राहिला. मग त्यानं पेन खाली ठेवलं.

"मीच लिहिलंय सायब. समदं मीच."

सुभद्राबाईच्या हातातलं फडकं थांबलं.

माणिकराव एकदम निवले. चोर सापडला की ते नेहमीच प्रेमळ व्हायचे. "बरं झालं कबूल केलंत. जबाब लिहितो, सही करा. ग्रंथालयाला कुलूप लागंल, पन तुमाला गेटवर वॉचमन करतो. नोकरी जायची न्हाई."

"उपकार झाले," हरिबा म्हणाला. बायकोकडं बघायचं त्यानं टाळलं.

माणिकरावांनी झरझर लिहून काढलं. ग्रंथालयात एकही वाचक येत नाही. वहीतले सर्व अभिप्राय मी, हरिबा, यानेच लिहिले असून ते खोटे आहेत. तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजायला लागला. जबाब, टँकरचे कागद, सगळं टेबलावर टाकून ते उठले.

"नीट वाचून घ्या, मंगच सही करा. मागनं म्हनू नका सायबानं फसवलं."

बाहेर टँकरवाला सटवा डिझेलवरून अडून बसला होता. त्याला वाटेला लावून यायला दहा मिनिटं गेली. ते परत आले तेव्हा हरिबा कागद घेऊन तयारच होता.

"वाचलं सायब. दोनदा वाचलं. अक्षर न् अक्षर खरं हाय."

खाली सही झोकात केलेली होती, पगारपत्रकावर असायची तशीच. माणिकरावांनी वरचा मजकूर बघितला. पहिली खेप शाळेजवळची विहीर, दुसरी खेप तांडा, तिसरी खेप छावणी.

त्यांनी टेबलावर जबाब शोधला. तो सुभद्राबाईच्या हातात होता. एकही वाचक येत नाही ही ओळ आणि 'ते खोटे आहेत' हे शब्द तिनं खोडले होते, हरिबाचं नावही खोडलं होतं आणि तिथं आपलं नाव लिहिलं होतं, माणिकराव आठवडाभर घरी वाचत होते त्याच अक्षरात.