तोरोच्या आईसाठी

तोरोनं बोलावलंय म्हटल्यावर नोल्विननं मक्याची अर्धी भाकरी तशीच खाली ठेवली आणि बायबल उचललं. तुरुंगात पहारेकऱ्यांचं राज्य फाटकापुरतं होतं. फाटकाच्या आत तोरोची टोळी होती, आणि तोरोचा निरोप आला की जायचंच असतं.

"काय पाळकबाबा, गुडघे ठीक आहेत ना?" वाटेत कोणीतरी टोचलं. "आज कामाला लागतील."

नोल्विन हसला नाही. टोळीतून बाहेर पडायच्या वाटा दोनच होत्या. एक, मरून. दुसरी, प्रभूच्या मार्गाला लागून. त्या वाटेला टोळी आडवी येत नसे, पण ढोंग निघालं तर पहिली वाट होतीच. नोल्विनही टोळीतलाच; मागं एका कैद्याला संपवायचं काम त्याच्या अंगावर आलं. त्याच्यानं ते होईना, आणि नाही म्हटलं असतं तर स्वतःच मेला असता. म्हणून तो सरळ प्रार्थनेच्या खोलीत जाऊन बसला. तेव्हापासून दारू नाही, सिगरेट नाही, शिवी नाही. जेवताना, झोपताना कोणाची ना कोणाची नजर पाठीवर. एका कोठडीतून निघून तो त्याहून अरुंद कोठडीत शिरला होता, आणि हिला तर दारही नव्हतं.

तोरो खाटेवर बसला होता. त्याची माणसं दाराशी.

"आई गेली माझी," तो म्हणाला. "सकाळी. बहिणीचा फोन आला. दुपारी गावाकडे, चोलोमात पुरतायत." मग जरा थांबून, "मला सोडणार नाहीत. तिथं काय म्हणतात ते तू इथं म्हण."

नोल्विननं पुस्तक उघडलं. अशा वेळी कोणतं वचन वाचायचं ते त्याला ठाऊक होतं. तो वाचू लागला, आणि दुसऱ्याच ओळीला स्वतःचा आवाज त्याच्या कानावर पडला. बाजारात औषध विकणाऱ्यासारखा, गुळगुळीत. त्याची स्वतःची आई गेली तेव्हा तोही असाच आत होता, आणि तिच्यासाठी कोणी काहीच म्हटलं नव्हतं. त्यानं पुस्तक मिटलं.

"का थांबलास?"

"हे तोंडपाठ म्हणतोय मी. तुझ्या आईसाठी असं नको."

"म्हणजे?"

"मी देवासाठी आलो नव्हतो, तोरो. त्या माणसाला मारायचं नव्हतं, म्हणून आलो."

दाराशी कुजबुज झाली आणि थांबली. नोल्विनला मागं वळून बघायची गरज नव्हती. दार माणसांनी भरलं होतं, आणि तोंडातून गेलेले शब्द आता परत येणार नव्हते.

"आणि आता?" तोरोनं विचारलं.

"आता कोणी बघत नसलं तरी बोलतो देवाशी. तो ऐकतो की नाही, माहीत नाही. पण बोलल्याशिवाय राहवत नाही."

तोरोनं दाराशी उभ्या माणसांना हातानंच थोपवलं.

"मग तसंच बोल," तो म्हणाला. "एर्मेलिंदा नाव तिचं."

नोल्विननं फरशीवर गुडघे टेकले.

"देवा, एर्मेलिंदाबाई तुझ्याकडे आल्यात. त्यांच्या मुलाला खांदा द्यायला सोडलं नाही. तेवढा तू दे." तो अडखळला. "आम्हाला कोणालाच इथून बाहेर पडता येत नाही. तू आत ये."

पुढचं काही सुचेना. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, पुढचं सुचायची त्याला घाई वाटेना. तो तसाच बसून राहिला. आपण एकटे नाही एवढंच त्याला कळत होतं.

डोळे उघडले तेव्हा तोरो त्याच्या शेजारी फरशीवर होता. त्याचे खांदे गदगदत होते. दाराशी उभी असलेली सगळी माणसं, कोणी न सांगता, भिंतीकडे तोंड करून उभी होती.

थोड्या वेळानं तोरो त्याच्या कानाशी वाकला आणि त्या तुरुंगात कोणालाच ठाऊक नसलेलं स्वतःचं खरं नाव पुटपुटला.

"तिनं ठेवलेलं," तो म्हणाला. "प्रार्थनेत तिच्यामागून हेही घे."