बिनटमरेलाचा माणूस

“बाई, त्या संडासाची बाह्यरची कडी काढून टाका. एखाद्या दिवशी हे पोरगी कोनाले तरी कोंडन!”

तुळसाबाईनं भांडी घासता घासता हे उन्हाळ्यातच सांगितलं होतं. उमानं हसण्यावारी नेलं. मागच्या अंगणाच्या टोकाला संडास, त्याला बाहेरून कडी. ती नसली तर बालाघाट गावातली निम्मी डुकरं आत येऊन बसली असती. आणि पुष्पीचं उमाला माहीत होतं. सहा वर्षांच्या तिच्या लेकीला उघडं काही सोसत नसे. डबा उघडा दिसला की झाकण, खिडकी दिसली की खिटी. एकदा जांभई देणाऱ्या काकांचं तोंडही तिनं हातानं मिटवलं होतं. ती बोलत नसे, कुणाच्या तोंडाकडे बघत नसे. पण तिचा एक कायदा होता. कडी लावण्याआधी ती विहिरीजवळच्या दगडाकडे बघायची. संडासला न्यायचं टमरेल दगडावर असलं तर आत कुणी नाही. नसलं तर आहे. मग कडीला हात नाही.

“अन् कोनी बिनटमरेलाचा गेला तं?” तुळसाबाईनं विचारलं होतं.

“बिनटमरेलाचं कोण जातं हो?”

चौसष्ट सालच्या भाद्रपदात डॉक्टरसाहेब आले. विलायतेला शिकून आलेले, मुलांच्या मनावर संशोधन करणारे. बैहरहून नागपूरला परतताना ते वाटेत उतरले, ते उमाच्या नवऱ्यानं, त्र्यंबकनं, केलेल्या सात अर्जांमुळे. उमानं दोन वर्षं लिहिलेली वही त्यांच्यापुढे ठेवली. पुष्पी काय खाते, कशाला घाबरते, कुठल्या आवाजानं कान झाकते. त्यांनी ती बशीखाली ठेवली. चहा सांडू नये म्हणून.

मग चाचण्या. ठोकळे झाले, चित्रं झाली. शेवटी साहेबांनी बोटाला लागल्याचं सोंग केलं. “आई गं! मेलो!” इतकं बेताल की तुळसाबाई हात धुऊन धावत आली. पुष्पी जागची हलली नाही. थोड्या वेळानं तिनं पुढे होऊन साहेबांच्या उघड्या पेनाला टोपण लावलं.

“बघितलंत?” साहेब म्हणाले. “याला ऑटिझम म्हणतात. दुसरं माणूस जगात आहे, हेच हिला ठाऊक नाही. दुसऱ्याला काय हवं, काय नको, ही गोष्ट हिच्या गावीही नाही.” मग उमाकडे वळून, “बी.ए. ना तुम्ही? शिकलेल्या आया थंड असतात. मूल बघतात, वहीत टिपतात, जवळ घेत नाहीत. मी संस्थेत ठेवायची शिफारस करतोय. आईपासून लांब. सोमवारी घेऊन या.”

“साहेब म्हणतील तसं,” त्र्यंबक म्हणाला आणि रिक्षा आणायला गेला. गोंदियाची छोटी गाडी चार चाळीसला होती.

उमानं बशीखालच्या वहीकडे बघितलं. दोन वर्षं ती लिहीत बसली, तेवढ्यात लेकीला थंडी वाजली की काय? टेबलावर फॉर्म भरून तयार होता. सही तेवढी बाकी.

“जरा जाऊन येतो. आलो की सही करतो,” म्हणत साहेबांनी बॅगेतून पांढऱ्या कागदाची गुंडाळी काढली. उमाला वाटलं, आणखी एक चाचणी.

“मागच्या अंगणात. टमरेल दगडावर आहे,” ती म्हणाली.

“नको. माझी सोय माझ्याजवळ असते.”

पाच मिनिटांनी दार बडवल्याचा आवाज आला. उमा धावली आणि ओसरीच्या पायरीवरच थबकली. कडी लागलेली होती. आतून साहेब ओरडत होते आणि या खेपेला त्यात नाटक नव्हतं. पुष्पी दारापुढे उभी होती. तिनं दाराकडे बघितलं. दगडाकडे बघितलं. टमरेल दगडावर, आवाज मात्र आत. पुन्हा दार, पुन्हा दगड. सगळ्या जगाचा हिशेबच चुकला होता. ती हात झटकू लागली.

मग एकदम थांबली. टमरेल उचललं, बादलीतून काठोकाठ भरलं. दोन्ही हातांनी धरून, थेंब न सांडता, दारापाशी नेलं आणि खालच्या वीतभर फटीतून हळूच आत सारलं.

उमानं पदर तोंडाशी धरला. पोरीनं पाणी नेलं होतं. आतल्या माणसाला या घडीला काय हवं असेल, ते तिनं विचार करून, भरून, नेऊन दिलं होतं.

“पाणी नकोय मला!” आतून गर्जना झाली. “आम्हाला लागत नाही ते! कागद आहे माझ्याजवळ! कडी काढ!” आणि टमरेल लाथेनं बाहेर आलं.

पुष्पीनं ते उचललं, धुतलं, दगडावर ठेवलं. म्हणजे आत कुणी नाही. कडी हलवून नीट बसल्याची खात्री केली आणि पेरूच्या झाडाखाली जाऊन बसली.

“सांगतलं होतं का नाही मी?” तुळसाबाई म्हणाली.

“हौ,” उमा म्हणाली. नागपुरी बी.ए.च्या तोंडून हा तुळसाबाईचा हौ पहिल्यांदाच निघाला.

ती घरात आली. फॉर्म तसाच होता, त्यावर टोपण लावलेलं पेन. तिनं बशीखालची वही काढली, पदरानं पुसली आणि आजची तारीख घातली. लांब स्टेशनावर छोट्या गाडीनं पहिली शिटी दिली. शिकलेल्या आया थंड असतात, असं साहेबांनीच सांगून ठेवलंय, तेव्हा तिला काही घाई नाही. तुमच्यापैकी कुणाला कणव आली असेल, तर मागच्या अंगणात जाऊन साहेबांना जरा बघून या हो. जाताना टमरेल मात्र घेऊन जा. नाहीतर पुष्पीच्या लेखी तुम्हीही नाही.