यादीतली पाच नावं

ओला हात वॉशिंग मशीनला लागला आणि कामाला येणाऱ्या कौसल्याबाई झटका बसून मागच्या भिंतीवर आदळल्या. दिवे मात्र चालूच राहिले. परवा घरातल्या मुलीला नुसत्या झिणझिण्या आल्या, तर वीज त्याच क्षणी बंद पडली होती.

"ताई, नोंदवलेल्या माणसाला झटका बसला की वीज तोडणारा हा नवा ब्रेकर माझं अंग ओळखतो ना?"

"हो तर! सगळ्यांची नोंद केलीय," मालकीणबाई नजर न उचलता म्हणाल्या.

कौसल्याबाईंना ते पटेना. त्यांनी स्वतःच ब्रेकरच्या पडद्यावरची यादी उघडली. त्यात घरची चार माणसं होती आणि पाचवा होता मोती, घरातला कुत्रा.

"अगं, तू तीन तासच तर असतेस..."

कौसल्याबाईंनी पदराला हात पुसले.

"आधी माझी नोंद करा. तोवर कपडे बादलीतच राहतील."