दुष्ट सासू

नऊ वर्षं ती एकाच मालिकेत दुष्ट सासूचं काम करत होती. घराघरांत तिच्या नावाने बोटं मोडली जायची आणि तिला त्याचं कौतुकच वाटायचं. पण म्हातारपणी आईची स्मृती गेली, तशी आपली लेक कोण आणि मालिकेतली सासू कोण, हे आईला उमगेनासं झालं. ती गोळ्या घेऊन आली की आई तोंड फिरवायची आणि शेजारणीला सांगायची, "हिच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही मी. सुनेच्या दुधात काय काय कालवते, या डोळ्यांनी बघितलंय."

तिने लेखकाला गळ घातली. "अहो, माझ्या सासूला जरा सुधारा ना."

लेखक हसला. "बाई, तुम्ही सुधारलात तर मालिका बघणार कोण?"

"मग मारून टाका," ती म्हणाली.

चांगलं चाललेलं काम सोडते म्हणून सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. शेवटी सासू जिन्यावरून पडून मेली. तो भाग लागला तेव्हा ती आईच्या खुर्चीमागे श्वास रोखून उभी होती. आईने टीव्ही बंद केला, मागे वळून बघितलं आणि कितीतरी महिन्यांनी तिला नावाने हाक मारली. तिच्या हातून गोळ्याही मुकाट्याने घेतल्या.

मग पेला परत देत आई म्हणाली, "सुटले बाई त्या अवदसेपासून. पण तू अशी भर दुपारी घरात कशी? तुला अजून काही काम मिळत नाही का गं?"